नैसर्गिक प्रसाधनं निवडताना: डबीत काय आहे आणि डबी कशाची आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोजच्या वापरातला साबण, शाम्पू, क्रीम आणि मेकअप हळूहळू नैसर्गिक, पर्यावरणपूरक पर्यायांकडे वळवायचा आहे. लेबलवर काय वाचायचं, प्रिझर्व्हेटिव्ह (जंतूंची वाढ रोखणारे घटक) असलेलं टाळायचं का, घरी काय करता येईल, बाटली काचेची घ्यायची की प्लास्टिकची, आणि सुरुवात कुठून करायची?

मी प्रसाधनांची फॉर्म्युलेशन करते. तेल आणि पाणी एकत्र कसं नांदेल, क्रीम किती महिने टिकेल, त्यात काय वाढू शकेल, ते कोणत्या डबीत भरायचं, हे ठरवणं माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. घटक झाडापासून आला की प्रयोगशाळेतून, याला जितकं महत्त्व दिलं जातं तितकं ते नाही. वस्तू त्वचेला सोसते का, शेवटच्या थेंबापर्यंत न बिघडता टिकते का, आणि ती बनवताना आणि वापरताना किती पाणी, इंधन, जमीन खर्ची पडते, हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं घटकाच्या उगमावरून मिळत नाहीत. अर्धी वापरून फेकलेली ‘शुद्ध’ क्रीम आणि पूर्ण संपवलेली साधी क्रीम यांत मला दुसरी कधीही जास्त पर्यावरणपूरक वाटते.

उगमावर विसंबून कशी फसगत होते ते पाहा. लिंबाचा रस पूर्ण नैसर्गिक आहे. त्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण २ असतो, तर त्वचेच्या पृष्ठभागाचा पाचच्या आसपास. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांत, विशेषतः सालीत, फ्युरानोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेले काळे डाग जायला कित्येक आठवडे लागतात. सुरमा ज्या गॅलेना खनिजापासून करतात ते म्हणजे शिशाचं सल्फाइड. तेही जमिनीतूनच येतं. तात्पुरत्या टॅटूसाठी ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकलं जातं, त्यातला काळा रंग बहुतेकदा पॅरा-फिनिलीनडायअमाइनचा असतो आणि त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर केसांचे बरेचसे पक्के रंग वर्ज्य होतात. खऱ्या मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य लालसर-तपकिरीच रंगतं. त्यापासून गडद काळा रंग येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. क्रीमला रेशमी स्पर्श देणारं स्क्वालेन पूर्वी खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृतातून काढत. आज ते ऑलिव्हच्या तेलापासून किंवा उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून करता येतं. यीस्टवालं स्क्वालेन कारखान्यात तयार होतं आणि मी तेच वापरते. रोझवूडच्या झाडाची तेलासाठी इतकी तोड झाली की २०१० मध्ये त्याचा व्यापार साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित करावा लागला. त्या तेलाचा मुख्य सुगंधी घटक लिनालूल हा प्रयोगशाळेत सहज बनतो. अशा वेळी जंगलातून आणलेल्या थेंबाचा आग्रह धरणं मला पटत नाही.

आता लेबल. पुढची बाजू जाहिरातीची असते, मागची कामाची. समजा एका लोशनच्या मागे हा क्रम छापला आहे: अ‍ॅक्वा (म्हणजे पाणी), ग्लिसरीन, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सीटिअरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट, फिनॉक्सीइथेनॉल, झँथन गम, अ‍ॅलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस, टोकोफेरॉल, पर्फ्यूम, लिनालूल. पुढे मोठ्या अक्षरांत ‘कोरफडीचं लोशन’ आणि हिरवं पान.

घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पण हा नियम १ टक्क्यापर्यंतच लागू आहे. त्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल या प्रिझर्व्हेटिव्हला युरोपीय संघात आणि इतरही अनेक ठिकाणी १ टक्क्याची कमाल मर्यादा आहे. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे येतं ते १ टक्का किंवा त्याहून कमी. या २०० मिलिलिटरच्या बाटलीत कोरफडीचा रस जास्तीत जास्त २ ग्रॅम आहे आणि बहुधा त्याहून बराच कमी. लोशन वाईट आहे असं मी म्हणत नाही. ग्लिसरीन दुसऱ्या क्रमांकावर आहे, त्वचेला ओलावा तेच देणार आहे आणि काम चोख करणार आहे. पण तुम्ही कोरफडीचे पैसे मोजत असाल तर ते पाण्यात गेले. याच यादीतल्या सीटिअरिल अल्कोहोलला घाबरू नका. ते त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल नसून मेणासारखा मऊ पदार्थ आहे.

‘९८ टक्के नैसर्गिक उगम’ अशा आकड्यांकडेही याच नजरेने पाहा. हे आकडे बहुधा आयएसओ १६१२८ या मानकाच्या पद्धतीने काढतात आणि त्यात पाणी नैसर्गिक उगमाचं धरलं जातं. ज्या लोशनमध्ये ७५ टक्के पाणी आहे ते ७५ पासूनच मोजायला सुरुवात करतं. कॉसमॉस किंवा नॅट्रू यांसारखी नैसर्गिक प्रसाधनांची प्रमाणपत्रं यापेक्षा बरीच कडक आहेत. कॉसमॉसमध्ये पाणी सेंद्रिय घटकांत धरत नाहीत आणि घटकावर कोणत्या रासायनिक प्रक्रिया चालतील याचीही यादी असते. पण मुद्दा लक्षात घ्या: याच कॉसमॉसमध्ये बेंझोइक आम्ल, सॉर्बिक आम्ल, बेंझाइल अल्कोहोल, डीहायड्रोअ‍ॅसिटिक आम्ल अशी कृत्रिमरीत्या बनवलेली प्रिझर्व्हेटिव्ह चालतात. नैसर्गिक प्रसाधनांचे निकष ठरवणाऱ्यांनीही पाणी असलेल्या वस्तूत जंतू वाढतात हे मान्य केलेलं आहे.

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गल्लत प्रिझर्व्हेटिव्हबद्दलच होते.

क्रीम विक्रीला जाण्याआधी आम्ही त्यात मुद्दाम जंतू घालतो. आयएसओ ११९३० या चाचणीत पाच सूक्ष्मजीव असतात: स्यूडोमोनास एरुजिनोसा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट आणि अ‍ॅस्परजिलस ब्रासिलिएन्सिस ही बुरशी. प्रत्येक जंतू वेगळ्या डबीत, जिवाणू तर एका ग्रॅमला लाखाच्या घरात. मग ७, १४ आणि २८ दिवसांनी थोडं क्रीम काढून बशीवर पसरायचं आणि किती वसाहती वाढल्या ते मोजायचं. चांगल्या सूत्रात सातव्या दिवशी जिवाणू हजारपटीने कमी झालेले असतात आणि पुन्हा वाढत नाहीत. प्रिझर्व्हेटिव्ह न घातलेल्या नमुन्याच्या बशा पाहिल्या की बोलायला काही उरत नाही. संपूर्ण बशीवर दाट थर असतो, आणि डबीतलं क्रीम मात्र दिसायला आणि वासाला अगदी व्यवस्थित असतं. वास बदलला की फेकून देऊ, या भरवशावर राहता येत नाही ते यामुळे. स्यूडोमोनास डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम करू शकतो. जखमेवर किंवा नाजूक त्वचेवर तर तो असूच नये.

पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हच्या गटाची भीती पसरली ती मुख्यतः २००४ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासानंतर. स्तनाच्या गाठींच्या काही नमुन्यांत पॅराबेन सापडले होते. त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असा त्याचा निष्कर्षही नव्हता. पुढे युरोपीय संघाने पुरेशी माहिती नसलेल्या पाच पॅराबेनवर २०१४ मध्ये बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिल यांची मर्यादा ०.१४ टक्क्यांपर्यंत खाली आणली, आणि मिथिल, इथिल हे ०.४ टक्क्यांपर्यंत सुरक्षित म्हणून कायम ठेवले. हा विचार करून घेतलेला निर्णय होता. बाजाराने मात्र साप साप म्हणून भुई धोपटली. ‘पॅराबेन-फ्री’ लिहिता यावं म्हणून कित्येक उत्पादनांत मिथिलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह आलं आणि ग्राहक आगीतून फुफाट्यात पडले. त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला २०१३ चा ‘वर्षातला अ‍ॅलर्जीकारक’ ठरवलं, आणि २०१७ पासून युरोपात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत ते बंद झालं. याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनना ‘अ‍ॅलर्जी न करणारे’ म्हणून मुद्दाम निवडलं. एखाद्या वस्तूत काय नाही याची यादी वाचून खरेदी करू नका, असं मी कळकळीने सांगते ते या अनुभवामुळे. त्या जागी काय घातलं आहे, हे विचारा.

‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क फार लोकप्रिय आहे. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी बाजारातले काही नमुने तपासले. ज्या अर्कांनी जंतू मारले त्या सगळ्यांत बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह निघाली. ज्यात ती नव्हती त्याने जंतू मारलेच नाहीत. व्हिटॅमिन ई बद्दलही गैरसमज आहे. ते तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, जंतूंना अडवत नाही.

मला विचाराल तर सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी सौम्य आणि जुनी, खात्रीची आहे. मात्र ती आम्लधर्मी माध्यमातच काम करते. पीएच साधारण ५ च्या वर गेला की तिचा जोर झपाट्याने ओसरतो. घरी क्रीम करणारे हे पदार्थ विकत आणून घालतात, पीएच मोजत नाहीत, आणि आपण काळजी घेतली असं समजतात.

म्हणून घरी काय करायचं याचं माझं उत्तर एका ओळीचं आहे: पाणी नसलेलं करा. तेल आणि मधमाश्यांचं मेण यांचं बाम उत्तम होतं. वजनाने चार भाग तेल आणि एक भाग मेण घ्या, भांडं गरम पाण्यात धरून मेण वितळेपर्यंतच तापवा. मेण ६२ ते ६५ अंश सेल्सियसला वितळतं, त्याहून जास्त आच द्यायचं कारण नाही. ओठांना, टाचांना, नखांच्या कडांना हे बाम पुरेसं आहे. ओली बोटं त्यात घालू नका, कारण पाण्याचे चार थेंबही बुरशीला पुरतात. तेल निवडताना ते किती लवकर खवट होतं ते पाहा. जवस किंवा द्राक्षबियांच्या तेलात लिनोलिक आणि त्यासारखी असंपृक्त आम्लं भरपूर असल्याने ती लवकर बिघडतात. होहोबा हे खरं तर द्रवरूप मेण आहे आणि कितीतरी जास्त काळ टिकतं. कोणतंही तेल छोट्या गडद बाटलीत, उन्हापासून आणि उष्णतेपासून लांब ठेवा.

पाण्यात किंवा रसात कालवायचं काही असेल तर ते त्या वेळेपुरतं करा आणि उरलेलं टाका. फ्रिजमध्ये जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. डोळ्यांत किंवा डोळ्यांलगत घालायचं घरी काहीच करू नका.

सनस्क्रीनही घरी करू नका, मग झिंक ऑक्साइड कितीही ‘शुद्ध’ मिळालं तरी. झिंकचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. डोळ्यांना एकसारखी दिसणारी पांढरी क्रीम त्वचेवर पसरल्यावर मध्ये मध्ये उघडी जागा सोडते आणि तिथून अतिनील किरण थेट आत जातात. कारखान्यात हे कण विखुरण्यासाठी खास यंत्रं असतात, आणि एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून माणसांवर तपासलेला असतो. घरी ना ती यंत्रं, ना ती चाचणी. इथे माझ्याकडे तडजोड नाही.

सुगंधाबद्दल थोडक्यात. सुगंधी तेलं नैसर्गिक असतात आणि अ‍ॅलर्जीही करतात. लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संपर्कात आले की त्यांची हायड्रोपेरॉक्साइडं होतात, आणि खरा त्रास त्यांचाच असतो. म्हणजे जुनी, वारंवार उघडलेली लव्हेंडर किंवा टी-ट्रीच्या तेलाची बाटली ताज्यापेक्षा जास्त धोक्याची. युरोपीय संघात त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याहून जास्त असलेली ठरावीक सुगंधी द्रव्यं नावानिशी छापावी लागतात. आधी ती २६ होती, २०२३ च्या दुरुस्तीने यादी ऐंशीच्या वर गेली. हे नियम करताना द्रव्य फुलातून आलं की बाटलीतून, असा भेद केलेला नाही, आणि ते योग्यच आहे. चेहऱ्यासाठी मी सुगंधी तेल अर्ध्या टक्क्याच्या वर नेत नाही. त्वचा संवेदनशील असेल तर शून्य. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून मागच्या यादीत पर्फ्यूम शब्द आहे का ते पाहा. नवीन काही आणलं की आठवडाभर दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. एका दिवसात अ‍ॅलर्जी कळतेच असं नाही.

कच्च्या मालाच्या मागची जमीन आणि माणसं हा वेगळा, मोठा विषय आहे. त्यातल्या दोन गोष्टी सांगते. पाम तेलाला सरसकट नाही म्हणणं सोपं वाटतं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार तेवढंच तेल इतर पिकांतून काढायला नऊपटींपर्यंत जास्त जमीन लागू शकते. जंगलतोड थांबवायची असेल तर पाम कुठल्या जमिनीवर उगवलं आहे याची खात्री मागणं जास्त उपयोगाचं. शिवाय शाम्पूत पाम हे नाव दिसेलच असं नाही. सोडियम लॉरिल सल्फेट, ग्लिसरीन, सीटिअरिल अल्कोहोल यांच्या मागे ते असू शकतं. दुसरी गोष्ट चकाकीची. आयशॅडो आणि हायलायटरमधला अभ्रक हे नैसर्गिक खनिज आहे. झारखंड, बिहार आणि मादागास्करमध्ये ते वेचण्याच्या कामात लहान मुलं असल्याचं वारंवार उघड झालं आहे. लेबलवर सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट दिसलं तर तो प्रयोगशाळेत बनवलेला अभ्रक असतो. चकाकी हवीच असेल तर मी तो घेईन, किंवा ज्या कंपनीने खाणीपर्यंतची साखळी उघड केली आहे तिचा.

आता डबी. मला डिझाइनरांबरोबर बसून डब्या ठरवाव्या लागतात, आणि इथे दिसण्याने फार फसायला होतं.

काच स्वच्छ, उच्च आणि पर्यावरणपूरक वाटते. ती अनंतवेळा वितळवता येते हे खरं, पण भट्टी साधारण १५०० अंशांवर चालते, आणि काचेची बरणी तितक्याच आकाराच्या प्लास्टिकच्या बरणीपेक्षा कित्येक पट जड असते. ते वजन ट्रकमधून वाहावं लागतं. महागड्या क्रीमच्या बरण्यांचा तळ मुद्दाम जाड करतात, म्हणजे हातात वजन लागतं आणि आतली वस्तू भरपूर वाटते. ती काच फक्त भासासाठी वितळवलेली असते. काच परत भरून घेणार असाल तर जरूर घ्या. एकदा वापरून टाकणार असाल तर तिचा फायदा उरत नाही.

एखादा लोशनचा पंप संपल्यावर सुटा करून पाहा. वरची दांडी एका प्लास्टिकची, आतली नळी दुसऱ्या, मध्ये स्टीलची स्प्रिंग, तळाशी काचेची किंवा धातूची गोळी, रबरी वायसर. हे सगळं मिळून एका बोटाएवढं. ते वेगळं करून पुनर्वापरात घेणारं कुणी नाही, त्यामुळे बाटलीवर त्रिकोणी चिन्ह असलं तरी पंप कचऱ्यातच जातो. काळ्या डब्यांचीही तीच गत. काजळीने रंगवलेलं प्लास्टिक छाननी यंत्रातल्या अवरक्त किरणांना दिसत नाही आणि ते पट्ट्यावरून पुढे निघून जातं. लिपस्टिकच्या नळ्या आणि नमुन्याच्या डब्या इतक्या लहान असतात की चाळणीतून खाली पडतात. कॉम्पॅक्टमध्ये आरसा चिकटवलेला, चुंबक बसवलेलं, धातूची ताटली. तिथे रिफिलची ताटली मिळत असेल तर मूळ डबी वर्षानुवर्षं वापरता येते.

माझी निवड अनेकांना रुक्ष वाटते: एकाच प्लास्टिकची, पांढरी किंवा पारदर्शक, साध्या झाकणाची मऊ ट्यूब. बोटं आत जात नाहीत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह कमी पुरतं, शेवटी कापून उरलेलं क्रीम काढता येतं, आणि वेगवेगळं साहित्य चिकटवलेलं नसतं. ‘जैवविघटनशील’ लिहिलेल्या, पीएलए या वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकच्या डबीचं काय, असं विचाराल. तिला कुजायला औद्योगिक खतकेंद्रातली साधारण ५५ ते ६० अंशांची उष्णता सलग लागते. घराच्या कुंडीत ती वर्षानुवर्षं तशीच राहील. तुमच्या जवळ असं केंद्र तिला स्वीकारत असेल तरच त्या शब्दाला अर्थ आहे.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट न्हाणीघराच्या नळात आहे. शाम्पू, कंडिशनर, बॉडीवॉश अशा धुऊन टाकायच्या वस्तूंचा जन्मापासून शेवटपर्यंतचा हिशेब मांडला की हवामानावरच्या भाराचा सगळ्यात मोठा वाटा गरम पाण्याचा निघतो. साधं गणित करू. मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली १० मिनिटं म्हणजे ८० लिटर. ते २० अंशांनी तापवायला सुमारे १.८६ युनिट ऊर्जा लागते. तेवढ्यात १० वॅटचा एलईडी दिवा १८० तासांहून जास्त जळेल. त्या आंघोळीत वापरलेला शाम्पू जेमतेम १० ग्रॅम. पाणी पाच मिनिटांत आवरलं किंवा थोडं कोमट घेतलं तर जी बचत होते, ती कोणत्याही हिरव्या बाटलीने होणार नाही. म्हणून फॉर्म्युलेशन करताना मी लवकर धुतलं जाणारं, कमी फेसाचं सूत्र पसंत करते. केसातून निघता निघत नाही असं ‘नैसर्गिक’ सूत्र पाण्याच्या हिशेबात महाग पडतं.

घन शाम्पू चांगला पर्याय आहे, पण त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. यादीत सुरुवातीला सोडियम कोकोएट, सोडियम पामेट असेल तर तो साबण आहे. त्याचा पीएच ९ ते १० असतो, आणि पाणी जड असेल तर कॅल्शियमबरोबर चिकट थर होऊन केस राठ होतात. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असेल तर ती साबणाविना केलेली सौम्य वडी आहे. केसांसाठी हीच घ्या. वडी जाळीवर कोरडी होऊ द्या, नाहीतर पाण्यात विरघळून निम्मी वाया जाते.

बांबूचे टॉवेल आणि मेकअप पुसायच्या चकत्या यांबद्दलही विचारणा असते. मऊ बांबूचं कापड बहुतेकदा व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन असतं. लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांतून काढून केलेलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रेयॉनला बांबू म्हणून विकणाऱ्यांवर याच कारणाने कारवाई केली आहे. जुन्या सुती कपड्याच्या चकत्या कापल्या तर नवीन काहीच विकत घ्यावं लागत नाही. नवीन सुती वस्तू आणायची तर ती झिजेपर्यंत वापरायची तयारी हवी. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये काढलेल्या हिशेबात सेंद्रिय सुती पिशवीला, फक्त हवामानाचा विचार केला तरी, साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला १४९ वेळा वापरावं लागतं असं आलं होतं.

सुरुवात कुठून करायची? धुऊन टाकायच्या वस्तूंपासून. त्यांचा खप जास्त असतो, सगळं गटारातून पुढे नदी-समुद्रात जातं, आणि बदल केल्याने त्वचेचं नुकसान व्हायची शक्यता कमी असते. शाम्पू, हात धुण्याचं, अंगाचा साबण आधी बदला. चेहऱ्याची क्रीम त्यानंतर, एका वेळी एकच, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळेल. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेली औषधी क्रीम आणि रोजचं सनस्क्रीन यांना हात लावू नका.

घरात जे उघडलेलं आहे ते आधी संपवा. नवीन हिरवा संच आणण्यासाठी चांगल्या बाटल्या फेकणं हा उलटा हिशेब आहे. चेहऱ्याला न मानवलेला क्लेन्झर हातांना चालेल. केसांना न आवडलेला कंडिशनर लावून पायांचे केस रेझरने काढता येतील. मागे उघड्या डबीच्या चिन्हात १२एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. मस्कारा आणि द्रव आयलायनर यांना मात्र तीन ते सहा महिन्यांनी निरोप द्या, मुदत संपलेलं सनस्क्रीन टाका, खवट वासाचं तेलही टाका. टाकताना सिंकमध्ये ओतू नका. कागदाने पुसून काढा, कागद कचऱ्यात आणि रिकामी डबी वेगळी.